पासंग

मापात पाप करणाऱ्याला मी चौतीस वर्षांत एकदाही सोडलं नाही. वजन-मापं तपासणारा निरीक्षक होतो मी. दुकानदार तोंडावर 'साहेब' म्हणायचे आणि पाठ वळली की 'काटेसाहेब'. तराजूचाही काटा आणि पायात मोडतो तोही काटा. त्यांच्या मनात दोन्ही असायचे आणि मला दोन्ही चालायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण खोड काही गेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जो गाढवपणा झाला तो दुसऱ्या कुणाच्या हातून झालाच नसता.

दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी बायकोला तपासलं आणि मला म्हणाल्या, "काका, काकूंना हार्ट फेल्युअर आहे." मी दचकून बायकोकडे पाहिलं. ती पिशवीत चष्मा शोधत होती. आता आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला, विषय संपला. मी म्हणालो, "अहो, असं कसं? ती तर चष्मा शोधतेय!" डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. मग त्यांनी समजावलं, की हृदय बंद पडलेलं नाही, पण त्याची ताकद कमी झालीय. ते चालतंय, पण दमलंय. मला तेव्हाही धड काही उमगलं नाही. मात्र शेवटी त्यांनी जे सांगितलं ते पक्कं कळलं: दिवसाला पाणी दीड लिटर, मीठ बेताचं, आणि रोज सकाळी वजन. हे तर माझ्याच हातातलं काम होतं.

मग काय विचारता! स्वयंपाकघरात शिक्का मारलेलं मापाचं भांडं आलं. वजनकाटा आला, तो मी स्वतः तपासून घेतला. चहा, ताक, औषधाबरोबरचा घोट, सगळं त्या दीड लिटरात धरलं जायचं. बायको वैतागायची. "अहो, मी बायको आहे का किराणा?" म्हणायची. पण महिन्याभरात पायांची सूज उतरली, तीन उशांवर झोपणारी बाई एका उशीवर आली, तेव्हापासून तिने कुरकुर सोडली. माझ्या हातात भांडं दिसलं की आपण होऊन पेला पुढे करायची.

एवढं करूनही या वर्षी गाडी घसरली. वजन ठीक, पाणी ठीक, सूज नाही, आणि तरी बाईच्या अंगात त्राण म्हणून नाही. वेणी घालता घालता हात खाली यायचे. चादर झटकायला घेतली तर एक कोपरा झटकून पलंगावर बसायची. आम्ही राहतो दुसऱ्या मजल्यावर. दवाखान्यातून परत येताना जिना चढायला तिला पाऊण तास लागायचा, आणि वर पोचल्यावर तासभर तोंडातून शब्द फुटायचा नाही. मी रोजची मापं पुन्हा पुन्हा तपासायचो. चूक कुठे सापडेना.

आता तिच्या ताईबद्दल सांगतो. ताई समोरच्या इमारतीत, तिथेही दुसऱ्याच मजल्यावर, मधे जेमतेम बारा पावलांची गल्ली. दहा वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेली, तेव्हा हिला ताईंनीच वाढवलं. लग्नाआधीची सात वर्षं ही त्यांच्याच घरात राहिली. ताईंचे गुडघे गेलेले, हिचं हृदय दमलेलं. त्यांना उतरता येईना, हिला चढता येईना. म्हणून दोघी आपापल्या खिडकीत बसायच्या आणि फोनवर बोलायच्या. एकमेकींचं तोंड दिसतंय, हातवारे दिसताहेत, आणि कानाला फोन. मी म्हणायचो, "ताई, जरा मोठ्याने बोला, फोन लागणारच नाही." त्यावर ताई म्हणायच्या, "काटेसाहेब, बहिणींचं बोलणं गल्लीला ऐकवायचं नसतं. आणि तुमच्याबद्दलचं तर मुळीच नाही."

त्या ताईंची मुलगी येऊन ठरवून गेली, की दोन महिन्यांनी आईला आपल्या गावी न्यायचं. गाव लांब, रात्रभराचा प्रवास. घर सोडून द्यायचं. त्या दिवसापासून हिने एकच धोशा लावला: "मला एकदा तिच्या घरी जाऊन बसायचंय. सगळं हलवायच्या आधी."

मी म्हणालो, "खुर्चीत बसवून दोन हमाल लावून नेतो."

"सामान आहे का मी?" ती भडकली. "माझ्या पायांनी जाईन. नाहीतर राहू दे."

त्याच आठवड्यात आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि म्हणाल्या, "काकू, तुमच्या शरीरात लोह कमी पडतंय. या आजारात निम्म्या लोकांना होतं. म्हणून हा थकवा. आपण शिरेतून लोह देऊ, तासाभराचं काम आहे. साधारण दीड महिन्यात चालण्यात फरक पडावा."

हिने तिथल्या तिथे बोटं मोजली. दीड महिना गेला तरी ताई जायच्या आधी पंधरा दिवस हातात राहत होते. तिचा चेहरा खुलला. "आजच द्या," म्हणाली.

मी रिपोर्ट हातात घेतला. हिमोग्लोबिन बारा पूर्णांक सहा, छापलेल्या हद्दीत. खाली फेरिटिन. ते म्हणजे काय विचारलं तर म्हणाल्या, शरीराच्या कोठारात लोह किती शिल्लक आहे त्याचा आकडा. आकडा होता चौऱ्याऐंशी. शेजारी स्वच्छ छापलेलं: पंधरा ते दीडशे. कुठे चांदणी नाही, कुठे ठळक अक्षर नाही.

"डॉक्टर, यात कमी कुठे आहे?"

"ती हद्द निरोगी माणसांची, काका. हार्ट फेल्युअर असेल तर शंभराच्या आत आम्ही कमीच धरतो."

झालं! माझं टाळकं सटकलं. वस्तू एक, एकक एक, आणि मापं दोन? एक गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि एक गल्ल्याखाली ठेवायचं? असल्या कितीतरी दुकानांना मी टाळं ठोकलं होतं. मी म्हणालो, "बाई, किलो म्हणजे किलो. श्रीमंताला तोच, गरिबाला तोच, आजाऱ्यालाही तोच. दोन मापं ठेवणं हा आमच्या खात्यात गुन्हा आहे, त्याला कलम आहे." आणि मी कलम सांगितलंसुद्धा, पोटकलमासकट. त्या काहीतरी समजावत होत्या, पण माझा आवाज चढलेला होता आणि बाहेर रोग्यांची रांग लागली होती. शेवटी म्हणाल्या, "घरी जाऊन विचार करा. पण फार उशीर करू नका."

हिने माझी बाही ओढली. "अहो, घेऊ या ना."

"आधी खात्री," मी म्हणालो.

तिने बाही सोडली. हट्ट करू शकली असती, तिच्या जिभेला काही हाड नाही. पण माझ्या मापांनीच तिला दोन वर्षं उभं ठेवलं होतं, असं ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची. मी चुकेन हे तिच्या मनातच आलं नसावं. माझ्याही आलं नाही.

मग मी खात्री करायला लागलो. दुसऱ्या लॅबमध्ये तिचं रक्त दिलं. आकडा आला एक्याऐंशी. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सगळं नॉर्मल आहे, आजोबा, पेढे वाटा." औषधाच्या दुकानात विचारलं, तर दुकानदार म्हणाला, कमी असेल तर गोळ्या घ्या, शिरेतून कशाला. माझ्या खात्यातला जुना सोबती म्हणाला, "रक्त चांगलं आहे ना? मग लोखंड कशाला ओततात? बाईचं दार-खिडकी करायचंय का?" आम्ही दोघं हसलो. घरी आलो तर ही खिडकीशी बसलेली, फोन मांडीवर. बोलायलाही दम पुरत नव्हता, म्हणून दोघी बहिणी नुसत्या एकमेकींकडे बघत बसल्या होत्या.

मी गोळ्या आणल्या. पंधरा दिवसांत तिचं पोट बिघडलं, जेवण तुटलं, अंगात मात्र काडीचा फरक नाही. दवाखान्याची पुढची तारीख आली, ती मी टाळली. कशाच्या जोरावर जायचं? रिपोर्ट सांगतोय कमी नाही, डॉक्टरीण सांगतेय कमी आहे, आणि बायको डोळ्यांसमोर विझत चाललीय. रिपोर्ट खरा म्हणावा तर ही अशी का? डॉक्टरीण खरी म्हणावी तर छापलेलं खोटं कसं? डोक्याचा पार भुगा झाला. आयुष्यात मला असं कधी झालं नव्हतं. काटा इकडे तरी झुकतो नाहीतर तिकडे, अधांतरी लोंबकळत नाही.

ही मला रोज विचारायची, "झाली का खात्री?" आधी चेष्टेने विचारायची, मग नुसतीच.

सातव्या आठवड्यात मला एक नामी युक्ती सुचली. तराजूवर शंका आली तर आपण काय करतो? खात्रीचं वजन ठेवून पाहतो. घरात धडधाकट माणूस कोण? मी. मी माझंच रक्त दिलं. माझं फेरिटिन आलं एकसष्ट! हिच्याहून तेवीसने कमी, आणि मी जिना दोन-दोन पायऱ्या चढतो. मला आनंद व्हायला हवा होता, मी बरोबर ठरलो होतो. पण तो कागद हातात धरून मी लॅबच्या दारात उभा राहिलो आणि मला काही म्हणजे काही कळेना. लोह माझं कमी आणि धाप हिला?

आणि ताईंचा जायचा दिवस उजाडला. आदल्या आठवड्यात त्यांच्या घरातली कपाटं गेली, खिडकीचे पडदे गेले. सकाळी भाची आमच्याकडे वर आली, मावशीला मिठी मारून रडली. ही उठून उभी राहिली, दारापर्यंत गेली, चौकट धरली. "चल, मी येते खाली," म्हणाली. पहिल्या वळणापर्यंत सुद्धा पोचली नाही. मी आणि भाचीने तिला धरून परत आणलं. मग ती खिडकीत बसली. खाली दोन माणसांनी ताईंना खुर्चीत बसवून उतरवलं, गाडीत ठेवलं. ताईंनी काचेतून मान वाकडी करून वर पाहिलं, हात हलवला. हिनेही हलवला. फोन दोघींच्या हातात होता, पण कुणीच लावला नाही.

गाडी गेल्यावर ती मला म्हणाली, "आता तरी झाली का खात्री?" आवाजात राग नव्हता. तो असता तर मी भांडलो असतो.

दुसऱ्या दिवशी सगळे कागद घेऊन मी एकटाच डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसलो. म्हणालो, "हिचे चौऱ्याऐंशी, माझे एकसष्ट. आजारी कोण ते सांगा. मला काही कळत नाही. खरंच कळत नाही." माझा आवाज फाटला असावा, कारण त्यांनी दार लोटून घेतलं आणि पाणी दिलं.

"काका, तुमचा एकसष्ट सरळ आहे. काकूंचा चौऱ्याऐंशी सरळ नाही. लॅब चुकलेली नाही. पण असा जुना आजार असला की अंगात आतल्या आत एक धुमसणं चालू असतं, आणि त्याने हा आकडा फुगतो. कोठारात माल कमी असला तरी आकडा वर दिसतो. आणि जो आहे तोही शरीर कुलूप लावून ठेवतं, हृदयाला, पायांना मिळू देत नाही. म्हणून यांच्यासाठी शंभर. माप दुसरं नाही, काका. फुगलेला भाग लक्षात घेतलाय, एवढंच."

"आणि गोळ्या?"

"या आजारात पोटातून लोह नीट शोषलं जात नाही. म्हणून शिरेतून."

पासंग! रिकामी पारडी असताना एक खाली झुकत असेल तर त्या फरकाला आम्ही पासंग म्हणतो. लबाड दुकानदार मालाच्या पारड्याखाली शिशाचा तुकडा चिकटवतो. माल कमी, पण काटा पूर्ण दाखवतो. दुकानात शिरल्यावर मी पहिलं काम तेच करायचो, वजन घालण्याआधी रिकाम्या पारड्यांकडे बघायचो. नवख्या निरीक्षकांना मीच शिकवलं होतं, की काट्यावर विश्वास ठेवू नका, आधी पासंग काढा. आणि घरच्या माणसाच्या वेळी मी काट्याकडे बघत बसलो. बायको समोर पाऊण तासात जिना चढत होती, ते बघितलं नाही.

"हे तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगत होते, काका," त्या म्हणाल्या. "तुम्ही कलम सांगत होतात."

त्याच आठवड्यात तिला लोह दिलं. दवाखान्याच्या त्या खोलीत चार खाटा, हिची खिडकीजवळची. नर्सबाईंनी गंजाच्या रंगाचं औषध बाटलीत मिसळलं. बाटलीवर काय लिहिलंय ते मी वाचलं आणि ताडकन उठलो. "अहो, हे तर मिठाचं पाणी! हिला मीठ बेताने द्यायचंय!"

"आजोबा, शंभर मिलिलिटर आहे फक्त."

"मग दीड लिटरातून वजा करू?"

"करा. पण आधी बसा."

ही खाटेवरून म्हणाली, "करू द्या हो त्यांना वजा. नाहीतर झोप लागायची नाही." नर्सबाई हसल्या. ही हसली नाही.

पहिला आठवडा काही नाही. दुसरा काही नाही. तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गोंधळलो; आकडा कुठला बघायचा तेच कळेना, आणि कुणाला विचारायची लाज वाटत होती. मग एक दिवस सकाळी ती भांडी घासता घासता मला रागावली. पाण्याचा पेला मी अर्धा बोट कमी भरला म्हणून चांगली तीन-चार वाक्यं एका दमात बोलली. मी ऐकतच राहिलो. तिला वाटलं मला राग आला. मला तर तिने आणखी बोलावंसं वाटत होतं.

सहा आठवडे झाले त्या दिवशी दुपारी तिने पायात चपला घातल्या. "ताईकडे जाऊन येते."

"अगं, ताई कुठे आहेत तिथे?"

"माहीत आहे मला."

मी मागोमाग निघालो. आमचा जिना ती कठड्याला हात लावून उतरली. गल्ली ओलांडली. समोरच्या जिन्याखाली क्षणभर थांबली, पदर खोचला आणि चढायला लागली. मी दोन पायऱ्या मागे, हात पुढे करून. पहिल्या मजल्यावर तिने श्वास घेतला, चार-पाच वेळा. मी घड्याळ बघायला लागलो तर म्हणाली, "ते खिशात ठेवा." दुसरा मजला ती न थांबता चढली.

दाराला नवं कुलूप होतं. पाटी काढलेली, तिच्या खिळ्यांची भोकं तेवढी राहिलेली. ही दारावर तळहात टेकून उभी राहिली. मग फोन काढून तिने ताईंना लावला, आणि मला ऐकू येईल असा धरला.

"ताई, मी आलेय. तुझ्या दारात उभी आहे."

ताई दुपारच्या झोपेतून उठल्या असाव्यात. "आलीस?" त्या ओरडल्याच. "चढून आलीस? अगं बाई! थांब हं, थांब, दार उघडते. माझी काठी कुठे मेली..." पलीकडे पलंग करकरला. काठी जमिनीवर आपटली, दोनदा, तीनदा. मग आवाज थांबला.

"अगं," ताई म्हणाल्या, "पण मी तर..."

फोन बंद कुणी केला ते मला कळलं नाही.

मी म्हणालो, "ताईंना पुन्हा लाव. मी सांगतो त्यांना, चूक माझी आहे. तू दोन महिने आधीच आली असतीस, त्या इथे होत्या तेव्हा."

"तिला नका सांगू," ती म्हणाली. "मला सांगा."

मग त्या बंद दारासमोर मी तिला सगळं सांगितलं. चौऱ्याऐंशी, एकसष्ट, टाळलेली तारीख, सोबत्याची चेष्टा आणि मी त्यावर हसलो ते, काहीच वगळलं नाही. मी बोलत होतो तेवढा वेळ ती माझ्याकडे बघत सरळ उभी होती, आणि एकदाही 'असू द्या' म्हणाली नाही.